जागेवरून उठायचं नाही

सकाळी बाहेर पडताना पणजीतल्या हॉटेलच्या काउंटरवर चंद्रावती नोंदवहीत आपलं नाव लिहीत होती. चुकीच्या रकान्यात लिहायला निघाली होती, म्हणून पलीकडच्या बाईनं हसून हात पुढे केला आणि चंद्रावतीनं मुकाट्यानं पेन तिच्या तळहातावर ठेवलं. झालं ते एवढंच. बाईनं नाव योग्य जागी लिहिलं, चहा मागवू का म्हणून विचारलं, पेन परत दिलं. पण चंद्रावतीची बोटं पेन धरल्यासारखी वाकलेलीच राहिली. कुणी हात पुढे करतं आणि आपण देऊन टाकतो, आजही, या वयात, पुण्याच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवणारी बाई असून! तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्या गरीब बाईवर नव्हती. ती आग जुनी होती, राखेखाली जपून ठेवलेली, आणि आज ती डिचोलीच्या कॉलेजात घेऊन जायची म्हणून तर चंद्रावती कालच्या विमानानं मोप्याला उतरली होती. खिडकीतून मोप्याचं पठार दिसलं, तेव्हाही तिला गाव आठवलं नाही, आईच्या हातची पेज आठवली नाही. आठवला तो कृष्णनाथ सरांचा तळहात. पांढरा, स्वच्छ, रेषा ठळक असलेला, तिच्यासमोर पसरलेला.

गाडीत शेजारी प्रवीण होता. हा रत्नागिरीच्या एका कॉलेजातला तरुण प्राध्यापक, कॉलेजच्या तपासणीला भेट देणाऱ्या पथकातला दुसरा सदस्य, मांडीवर टॅब घेऊन बसलेला आणि उत्साहानं नुसता फसफसणारा. त्याच्या लेखी ही मोठीच गोष्ट होती. देशात शिक्षक घडवणारी म्हणून जेवढी कॉलेजं आहेत, त्या सगळ्यांना आता एकच माप लागणार होतं. आजवर या राज्यात एक, त्या राज्यात दुसरं. कुठं इमारत मोजायची, कुठं पुस्तकं, आणि कुठं नुसती शाल, श्रीफळ नि काजूगरांची पुडी घेऊन पथक समाधानानं परत जायचं. नव्या पद्धतीत श्रेणी नव्हती, तारे नव्हते. मान्यता आहे किंवा नाही, मधलं काही नाही. अजून चाचणीच चालू होती, पण चाचणीतला निकालही खरा धरायचा असं ठरलं होतं. प्रवीण बोलत राहिला आणि चंद्रावती मांडवीच्या पुलावरून खाली बघत हं हं करत राहिली. ती पद्धत लिहिणाऱ्या समितीत ती स्वतः होती. दिल्लीच्या थंडीत, शाली गुंडाळून बसलेल्या माणसांत, चटईक्षेत्र नि ग्रंथसंख्या यांवर दिवसभर काथ्याकूट झाल्यावर तिनं एकच वाक्य पुढे ठेवलं होतं. विद्यार्थी-शिक्षकाचा पाठ चालू असताना निरीक्षक जागेवरून उठणार नाही. संस्थेचा निरीक्षक, म्हणजे पाठ बघणारा तिथलाच शिक्षक, उठला तर संस्थेला मान्यता नाही, आणि भेटीला आलेला सदस्य उठला तर ती भेट रद्द, तो सदस्य पथकातून बाद. एवढ्याशा गोष्टीला एवढी मोठी शिक्षा? असं कुणीतरी विचारलं. तेव्हा ती अशी काही बोलली की पुढे कुणी तोंडच उघडलं नाही. दूरदृष्टी, असं अध्यक्ष म्हणाले. कसली दूरदृष्टी नि कसलं काय! साऱ्या देशाला लागू होणारं वाक्य तिनं एका माणसाचं माप घेऊन शिवलं होतं.

कारण तो माणूस उठणारच. त्याला बसवतच नसे. ती त्या कॉलेजात शिक्षिका व्हायला शिकत होती, तेव्हाच्या सगळ्या मुलींना ते पाठ होतं. सर वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसत. पाठ त्यांच्या मनासारखा जाईना की आधी उजव्या गुडघ्यावर बोटं वाजत, मग घसा खाकरला जाई, मग बाक कुरकुरे. बाक कुरकुरला की फळ्यापाशी उभी मुलगी ओळखे, आता सर चालत येणार, हात पसरणार आणि 'आण इकडे' म्हणणार. हिसकावून नाही घेतला कधी त्यांनी खडू कुणाच्या हातून. तेच तर! हिसकावला असता तर निदान म्हणता आलं असतं की हिसकावला. चंद्रावतीनं आपल्या हातानं तो त्यांच्या तळहातावर ठेवला होता, देवळात फूल ठेवावं तसा. परीक्षेचा पाठ होता, चौथीचा वर्ग, विषय भरती-ओहोटी. पाठाच्या टाचणात नव्हतं ते तिनं विचारलं होतं, की नार्व्याला होडी कधी चिखलात बसते, आणि मागच्या पोरानं 'सुकती आयली की' म्हणून सांगितलं होतं, आणि सगळा वर्ग एकदम जागा झाला होता. तिनं फळ्यावर ओहोटीशेजारी सुकती लिहिलं. बाक कुरकुरला. मग उरलेला पाठ सरांनी घेतला, सुंदर घेतला, चंद्र काढला, पृथ्वी काढली, शुद्ध तुपासारखी भाषा, आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

हेही तिनं गिळलं असतं. नापास झाली, वर्ष गेलं, तेही गिळलं. पण त्या दिवशी खिडकीबाहेर भिकाजी उभा होता. भिकाजी म्हणजे तिचा बाप, सिंधुदुर्गातून येऊन पेडण्यात राहिलेला, डिचोलीच्या खाणीवर टिपर हाकणारा. लेकीचा परीक्षेचा पाठ म्हणून त्यानं टिपर रस्त्याच्या कडेला लावला होता आणि अंगावरच्या तांबड्या धुळीसकट येऊन खिडकीचे गज धरून बघत होता. सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलेलं, 'माझां चेडू मास्तरीण होतलां'. त्यानं सगळं पाहिलं. आणि संध्याकाळी टिपरात शेजारी बसवून तिला घरी नेताना, मनापासून, कौतुकानं म्हणाला, "सर बरे शिकवतत, गो. तूय शिकशीत." त्यात टोमणा असता तर ती भांडली असती. नव्हता. माणूस खरोखर भारावला होता. पुढे ती पास झाली, पुण्याला गेली, डॉक्टरेट झाली, पण भिकाजीनं लेकीला शिकवताना पुन्हा कधी पाहिलं नाही. खाणी बंद पडल्या त्या वर्षी तो गेला. त्याच्या डोळ्यांत शिकवणारा माणूस म्हणून शेवटपर्यंत उभे राहिले ते कृष्णनाथ सरच. याचा डूख तिनं धरला होता. आणि सर या वर्षअखेर निवृत्त होणार होते, तेव्हा उट्टं काढायचं तर आजच. एकदा ते घरी जाऊन बसले की मग कुठलं कलम नि कुठलं काय.

कॉलेजच्या फाटकात रांगोळी होती. कृष्णनाथ सर पायऱ्या उतरून आले. आता ते प्राचार्य होते, वाळले होते, मान किंचित हलत होती, शर्ट मात्र तसाच कडक इस्त्रीचा. त्यांनी नमस्कार केला, या मॅडम म्हणाले, नाव वाचलं असूनही चेहऱ्यावर ओळखीची सुरकुती उमटली नाही. चंद्रावतीला राग आला. ज्याला आपण इतकी वर्षं रोज मनातल्या मनात बाकावरून उठवत आलो, त्याला आपण आठवूही नये? नाही तर नाही. आठवण करून द्यायचं काम कलम करील. तिनं नारळपाणी नको म्हटलं, ग्रंथालय प्रवीणवर सोपवलं, आणि प्रात्यक्षिक पाठ बघू म्हणाली. सर म्हणाले, तयारीच आहे.

तयारी होतीच! शेजारच्या प्राथमिक शाळेतला पाचवीचा वर्ग, आणि सुविधा नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी, निळी साडी, खांद्याला टाचणी, कपाळावर घाम. विषय अपूर्णांक. तिनं पहिला प्रश्न विचारला आणि वर्गातले झाडून सगळे हात वर गेले. चंद्रावतीला हसूच आलं. काही हात उजवे होते, काही डावे. ही युक्ती तिच्या वेळचीच. परीक्षेच्या पाठाआधी तोच पाठ त्याच पोरांना घोटून द्यायचा आणि बजावून ठेवायचं की उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा, हात मात्र सगळ्यांनी करायचा. बाईंनी उजव्यांनाच विचारायचं. पाहुण्याला वाटावं, काय हुशार वर्ग! चंद्रावतीनं शेजारी सरांकडे पाहिलं. सर फळ्याकडे बघत होते. तिनं तिथंच सगळं उघडं पाडलं असतं, पण हात मोजून मान्यता जात नव्हती, तिला हवं होतं ते दुसरं. तिनं मृदू आवाजात सांगितलं की हा वर्ग राहू दे, शेजारचा घेऊ, हाच पाठ, हीच मुलगी. सुविधाचा चेहरा पांढरा पडला. सरांची मान जरा जास्त हलली. पण वर्ग भेटीच्या सदस्यानं निवडायचा असा नियम होता आणि नियम कुणी लिहिला होता?

शेजारच्या वर्गातली पोरं डबे उघडायच्या बेतात होती. वर्गात एकच गर्दी, बाकं अपुरी, तेव्हा शेवटच्या बाकावर एका टोकाला प्रवीण बसला, दुसऱ्या टोकाला सर, आणि चंद्रावती खिडकीलगतच्या खुर्चीवर, जिथून सरांचा उजवा गुडघा दिसत होता. पाठ पहिल्या वाक्यालाच गडगडला. सुविधानं पाठ केलेला प्रश्न विचारला, कुणी हात वर केला नाही. तिनं तोच पुन्हा विचारला. एका पोरीनं पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं. चंद्रावती फळ्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे गुडघ्यावर होते. आणि वाजली, बोटं वाजली! आधी हळू, मग जोरात. तिच्या छातीत काहीतरी गोड दाटून आलं, लाज वाटावी इतकं गोड. ऊठ, ती मनात म्हणाली. ऊठ म्हाताऱ्या. तुझ्या नावानं साऱ्या देशाला बसवलंय मी, तू तेवढा ऊठ. सरांनी घसा खाकरला. सुविधानं दचकून मागे पाहिलं, तिच्या हातातला खडू मोडला आणि अर्धा खाली पडला. बाक कुरकुरला. सर अर्धवट उठले, दोन्ही हात पुढच्या बाकावर टेकून, गुडघे अजून वाकलेले, आणि तसेच थांबले. म्हातारा थरथरत तसाच अधांतरी राहिला. मग, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून दाबावं तसा, खाली बसला. हातांची घडी घातली, दोन्ही पंजे काखेत दाबून धरले.

का बसला? असा कसा बसला? इतक्या वर्षांचं जमवून आणलेलं सगळं त्या एका बसण्यात सांडलं होतं आणि वर्गात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. तिकडे सुविधानं खाली पडलेला तुकडा उचलला, पदर खोचला, आणि टाचण टेबलावर पालथं घातलं. वेगळ्याच आवाजात, घरच्या आवाजात, तिनं पोरांना विचारलं की सकाळी पोदेर पाव घेऊन येतो, त्यातला एकच गोल उंडो घरात उरला आणि तुम्ही भावंडं तीन, तर काय करशात? वर्ग हसला. मारामारी, असं कुणी म्हणालं. पोरं पुढे सरकली. चंद्रावतीनं प्रथमच फळ्याकडे पाहिलं. मुलीला जमत होतं. जमत होतं हे तिला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं, कारण हिला हे इथं, याच्या डोळ्यांदेखत, कुणी करू दिलं? मग सुविधानं फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, आणि त्याचे तीन वाटे करायला दोन उभ्या रेघा मारल्या, शेजारी शेजारी. झाली चूक! हमखास होणारी, प्रत्येक नवखी मुलगी करते ती. उभ्या रेघांनी गोलाचे तीन सारखे वाटे होत नाहीत, मधला मोठा होतो. "टीचर, मदलो वांटो व्हडलो," दारालगतचा एक पोरगा म्हणाला. सुविधा त्याच्याकडे वळली, वळलीच होती. पण चंद्रावतीला फळ्यावर ती चूक दिसत होती आणि बरोबर आकृती कशी ते बोटांच्या टोकांना ठाऊक होतं. बोटं वळवळत होती. ती केव्हा उठली, बाकांमधून केव्हा चालत गेली, ते तिला कळलं नाही. तिनं हात पुढे केला.

"आण इकडे," ती म्हणाली.

सुविधानं खडू तिच्या तळहातावर ठेवला. गरम होता, घामानं किंचित ओला. मग चंद्रावतीनं काय शिकवलं! गोलाच्या मधोमध ठिपका, ठिपक्यातून तीन रेघा, जो भाऊ कापणार तो आपला वाटा शेवटी उचलणार, म्हणजे तो सारखेच कापतो की नाही? पोरं टाळ्या पिटायचीच बाकी राहिली. भाषा अशी स्वच्छ, फळा असा देखणा. आपण सुंदर शिकवतो हे तिला शिकवतानाच ऐकू येत होतं. वाक्य संपवून ती वळली. भिंतीला पाठ लावून सुविधा उभी होती. हात दोन्ही बाजूंना, उजव्या हाताची बोटं किंचित वाकलेली. चंद्रावतीला ती बोटं ओळखीची वाटली, मग भिंत ओळखीची वाटली, आणि मग तिनं नको असताना खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. नुसतं ऊन होतं. तरी तिला गजांवर तांबडे हात दिसले. मी नाही, मी वेगळी, मी तर, असं काहीबाही ती मनात म्हणू लागली, पण खडू तिच्या मुठीत होता, त्याला काय सांगणार.

सुविधा भिंतीपासून सुटली. डोळे भरले होते, तरी ती चालत समोर आली आणि तिनं आपला हात पसरला.

"मॅडम, खडू द्या. माझा पाठ संपला नाही अजून."

इतक्या वर्षांत चंद्रावतीला हे सुचलं नव्हतं. सरांना काय काय बोलायचं याची भाषणं तिनं रचली होती, इंग्रजीत, मराठीत, पेडण्याच्या बोलीत, आंघोळ करताना, सिग्नलला थांबल्यावर. पण हे साधं वाक्य त्यात कुठंच नव्हतं. तिनं खडू दिला. सुविधानं तो घेतला, तिन्ही सुंदर रेघांवरून डस्टर फिरवला, आपल्या त्या चुकीच्या दोन उभ्या रेघा परत काढल्या आणि दारालगतच्या पोराला म्हणाली, "सांग मरे, तूं कितें सांगतालो?" पोरगा उठून फळ्यापाशी आला आणि मधल्या वाट्यावर बोट ठेवून बोलू लागला.

चंद्रावतीची खिडकीजवळची खुर्ची तेवढ्यात दोन पोरींनी पटकावली होती, फळा नीट दिसावा म्हणून. मोकळी जागा राहिली होती ती शेवटच्या बाकावर, प्रवीण आणि सर यांच्या मध्ये. ती तिथं जाऊन बसली. सर जरासे सरकले. मग, फळ्यावरची नजर न काढता, अगदी हलक्या, तुपासारख्या शुद्ध मराठीत म्हणाले, "नव्या नियमांचा मसुदा अभिप्रायाला आला होता. ते वाक्य वाचलं तेव्हाच ओळखलं, पेडण्याची चंद्रावती. वर्षभर बसायची सवय करतोय. फार जड गेलं. आज बसलो."

तिला त्यांचा गळा धरावासा वाटला. क्षमा नाही, पश्चात्ताप नाही, 'बसलो' म्हणे! पाचवीच्या पोरानं गणित सुटल्यावर सांगावं तसं. म्हणजे तिचं वाक्य लागलं होतं, हाडापर्यंत लागलं होतं. हा म्हातारा वर्षभर स्वतःचे हात काखेत दाबून वर्गावर्गातून बसत आला होता, आणि इथल्या मुली शेवटपर्यंत पाठ घेत आल्या होत्या. जिंकली म्हणायची तर ती जिंकली होती. पण तिला हे नको होतं. तिला त्याला हरलेलं बघायचं होतं, आणि तो तिच्या शेजारी बसून सुधारला होता.

दुसऱ्या बाजूनं प्रवीणनं कोपरानं खुणावलं. त्याचा चेहरा फुलला होता. तो कानाशी झुकून कुजबुजला, "मॅडम, काय शिकवलंत हो! मी तर बघतच राहिलो." मनापासून म्हणाला, त्यात खोट नव्हती. चंद्रावतीनं डोळे मिटले. सर बरे शिकवतत, गो. तिनं डोळे उघडले तेव्हा प्रवीणनं टॅब तिच्या मांडीवर सरकवला होता. पडद्यावर तिचंच वाक्य होतं, प्रश्न होऊन आलेलं. निरीक्षक जागेवरून उठले का? त्याखाली दोन खुणांच्या जागा, एक संस्थेच्या निरीक्षकासाठी, एक भेटीच्या सदस्यासाठी. प्रवीण आणखी हळू म्हणाला की तुमचं कुणी धरणार नाही, तुम्ही तर शिकवून दाखवलंत. पण म्हातारा अर्धा उठला होता, मी पाहिलंय, उठला तो उठला. लिहू?

एक बोट टेकवलं की झालं. खोटंही नव्हतं ते, अर्धं खरंच होतं. दोन उभ्या रेघांमधल्या त्या फुगीर वाट्यावरून पोरं आता भांडत होती आणि सुविधा मध्ये न पडता खडू हातात धरून उभी होती. मान्यता गेली की ही मुलगी मान्यता नसलेल्या कॉलेजातून बाहेर पडलेली बाई. चंद्रावतीनं ते झटकन बाजूला सारलं, तिला आत्ता कुणाची दया करायची नव्हती. तिनं सरांकडे पाहिलं. सरांना टॅब दिसत होता. त्यांनी प्रश्न वाचला होता. घडीतले हात सोडून त्यांनी मांडीवर ठेवले, तळवे वर. ते पांढरे, स्वच्छ तळवे. रिकामे.

तिनं ते किती तरी वेळ पाहिले. राग तसाच होता, कणभर कमी झाला नव्हता. आणि तो आता कुठं ठेवायचा हे तिला कळेना.

"मी उठले," ती प्रवीणला म्हणाली. "तेच लिही. माझं नाव घाल."

"मॅडम, भेट रद्द होईल. तुम्ही बाद व्हाल."

"हळू बोल," ती म्हणाली. "तिचा पाठ चालू आहे."